कामापुरती इंग्रजी आणि आमचे कर्तव्य

कल्याणाहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, टोकावड्याच्या पुढे, वैशाखरे नावाचे गाव लागते. गाव लहान आहे. परंतु ज्या नाणेघाटाच्या पायथ्याशी ते वसले आहे, त्या घाटाचे नाव आमच्या इतिहासाच्या आरंभीच येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नराकडे चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची, गाई, घोडे व कार्षापण नाणी यांच्या आकड्यांसह, नोंद आहे. यज्ञ वैदिक होते, त्यांतील मंत्र संस्कृत होते. परंतु त्यांचा हिशेब मात्र राणीने प्राकृतात, म्हणजे लोकभाषेच्या जवळच्या वाणीत, कोरविला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या मागणीच्या पुराव्यांत याच लेखाचा दाखला प्रामुख्याने दिला गेला होता. त्याबद्दल आम्हांस अभिमान वाटला, आणि तो वाटणे योग्यच आहे.

परंतु अभिमानाचा भर ओसरल्यावर एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. त्याच घाटाच्या पायथ्याशी आज राहणाऱ्या शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या किंवा मजुराच्या हाती जो महत्त्वाचा कागद पडतो, तो कोणत्या भाषेत असतो? सातबारा मराठीत असतो हे खरे; ग्रामपंचायतीचा दाखलाही मराठीत असतो. परंतु कर्जाचा करारनामा, विम्याची पॉलिसी, औषधाची पट्टी, पाठविलेल्या मालाचे बिल आणि मोबाइलवर येणारा बँकेचा संदेश हे सारे बहुधा इंग्रजीत असते. म्हणजे ज्या कागदाने घर उभे राहते किंवा बुडते, नेमका तोच घरातील कोणास वाचता येत नाही.

गुरांच्या बाजारात सौदा कसा होतो हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबतो. बोटांची ती भाषा दोघांस कळते, आणि ज्याचा बैल विकला जातो तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत असतो. आज इंग्रजी ही आमच्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत अशीच रुमालाखालची भाषा झाली आहे. ती ज्यास येते तो मध्यस्थ होतो, आणि ज्यास येत नाही तो मध्यस्थाच्या इमानावर जगतो. फॉर्म भरून देणारा, संदेश वाचून सांगणारा, 'येथे सही करा' म्हणून बोट दाखविणारा असा एक नवा दलालवर्ग प्रत्येक बाजारपेठेत निर्माण झाला आहे. त्यांतील सगळेच लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो व्यवहार एका पक्षाच्या अज्ञानावर चालतो, तो इमानदार माणसालाही फार काळ इमानदार राहू देत नाही.

आमच्या वकिलीच्या धंद्यात एक प्रकार आम्ही पुनःपुन्हा पाहिला आहे. शेजाऱ्यास किंवा सोयऱ्यास कर्ज हवे असते. 'तुमची नुसती साक्षीची सही हवी' असे सांगून एखाद्या भल्या गृहस्थास नेले जाते. त्याची सही ज्या शब्दाखाली पडते तो शब्द 'विटनेस' नसून 'गॅरंटर' असतो. पहिल्याचा अर्थ साक्षीदार, दुसऱ्याचा अर्थ जामीनदार. दोन शब्दांतील हे अंतर त्यास दोन-तीन वर्षांनी, हाती नोटीस पडल्यावर, कळते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात काही वेगळे ठरले नसेल तर, मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या मागे लागावे व मग जामीनदाराकडे यावे, असेही बंधन नाही. त्याच कायद्याचे १३ वे कलम सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. तत्त्व उत्तम आहे. परंतु सही केलेल्या माणसाने 'मला अर्थ कळला नव्हता' असे न्यायालयात म्हणावयाचे, तर ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते, आणि ते सहसा पेलत नाही. एका शब्दाच्या अज्ञानापायी जमिनीवर बोजा चढतो. इतकी महाग शाळा दुसरी कोणती असेल?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, व्यवहारातील इंग्रजीचे निवडक शब्द व वाक्प्रयोग प्रत्येक प्रौढ माणसास, पुरुषास तसेच स्त्रीस, मराठीच्या द्वारे शिकविले गेले पाहिजेत. ही विद्वत्तेची किंवा प्रतिष्ठेची इंग्रजी नव्हे; जशी पोहता येण्याची कला नदीकाठच्या माणसास हवी, तशी ही कामापुरती इंग्रजी आहे.

यावर पहिला आक्षेप स्वाभिमानी मंडळींचा येतो. इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आता आम्ही खेडोपाडी इंग्रजीचे वर्ग काढावेत काय, असे ते विचारतात. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले जात. टिळक, आगरकर आदी मंडळींनी १८८१ साली मराठीत 'केसरी' व इंग्रजीत 'मराठा' ही दोन पत्रे एकाच वेळी चालू केली. पुढे आगरकरांनी १८८८ साली काढलेला 'सुधारक'ही दोन्ही भाषांत निघे आणि त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळीत. नाना शंकरशेट यांस इंग्रजी उत्तम येत होते. तरीही गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८४० नंतरच्या दशकात, मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा कर्नल जर्विस यांच्याबरोबर शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. या सर्वांस इंग्रजी हे हत्यार आहे आणि मराठी हे घर आहे, हा भेद स्पष्ट दिसत होता. घरात हत्यार असल्याने घर परके होत नाही.

रवींद्रनाथ ठाकुरांचेही उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी काही काळ राहिले. पुस्तके त्यांनी वाचली होती. उणीव होती ती बोलण्याच्या सवयीची. ती भरून काढण्याचे काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा तर्खडकर हिने केले. एका मराठी मुलीकडून बोलकी इंग्रजी शिकलेला हा तरुण पुढे आयुष्यभर बंगालीत लिहीत राहिला आणि बंगालीचेच नाव त्याने जगात केले. इंग्रजी शिकल्याने मायबोली सुटते असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या टोकाचा आहे. 'मुले इंग्रजी शाळेत घातली की झाले. मोठ्यांच्या वर्गांची उठाठेव कशाला?' असे पुष्कळ व्यापारी बंधू म्हणतात. त्यांस आम्ही दोन गोष्टी विचारू. ज्या मुलाला शिकून तयार व्हावयास पंधरा वर्षे लागणार, त्याच्या बापाने आज रात्री आलेला बँकेचा संदेश कोणाकडून वाचून घ्यावा? आणि शाळेत जाणाऱ्यांस तरी कामाची इंग्रजी येते काय? राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. त्याआधी ती पाचवीपासून असे. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या तरुणाने दहा वर्षे हा विषय अभ्यासिला आहे. तरीही बँकेतील अर्ज भरताना तोच तरुण लेखणी थांबवून इकडेतिकडे पाहतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. त्यास परीक्षेतील रिकाम्या जागा भरावयास शिकविले. अर्जातील रिकाम्या जागा भरावयास कोणी शिकविले नाही.

मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालात होता. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या बाबतीत विम्याच्या धंद्यातील एक शब्द वापरला आहे: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच सोडली तर हातात किती पडते, तीच कसोटी त्याने भाषेच्या शिक्षणास लावली. विद्यार्थी दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या वर्षी शाळा सोडून गेला, तर तोपर्यंत शिकलेल्या इंग्रजीचा त्यास काय उपयोग होतो? आमच्या वाचकांपैकी व्यापाऱ्यांस ही कसोटी तात्काळ पटेल. ज्या शिक्षणक्रमाचे सगळे फळ शेवटच्या पायरीवर ठेवलेले असते, तो मुरबाड-शहापुरासारख्या तालुक्यांत, जेथे अनेक मुले शेवटची पायरी गाठण्यापूर्वीच कामाला लागतात, बुडीत खात्यातच जमा होतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्याचा सारांश हाच होता की, वरच्या वर्गास शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, ही समजूत खोटी आहे; पैसा व श्रम आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा. इंग्रजीच्या बाबतीत झिरपण्याची ही वाट आम्ही आजही पाहत आहोत. माळशेजचे पाणी तेवढे आपोआप खाली येते. विद्या येत नाही.

आता प्रश्न राहिला तो कोणते शब्द शिकवावेत याचा. ऑग्डेन नावाच्या विद्वानाने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली. थोड्या शब्दांत पुष्कळ काम होते, हे त्याने दाखविले. हा त्याचा उपकार मान्य केला पाहिजे. परंतु वैशाखऱ्याच्या दुकानदाराचे ८५० शब्द केंब्रिजात बसून ठरविता येणार नाहीत. ते त्याच्याच खिशातील कागदांवरून निवडले पाहिजेत. आणि शब्द सुटे न शिकविता, ज्या जागी ते येतात त्या जागेसह शिकविले पाहिजेत; कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ जागेप्रमाणे पालटतो, आणि नेमके तेथेच आमचा माणूस फसतो.

'क्रेडिट' हाच शब्द घ्या. बँकेच्या संदेशात तो आला तर रक्कम जमा झाली, आणि 'डेबिट' आला तर ती खात्यातून गेली. परंतु दुकानात 'क्रेडिट' म्हणजे उधारी! 'रिटर्न' हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी परत आणलेला माल दाखवितो. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या कारभारात तोच शब्द सरकारास द्यावयाचे विवरणपत्र होतो. 'चार्ज' या शब्दाची तर बहुरूप्यासारखी गत आहे. इस्पितळात तो आकार आहे, कचेरीत कार्यभार, फौजदारी न्यायालयात आरोप आणि गहाणखतात मालमत्तेवरील बोजा. मोबाइलपुरता त्याचा अर्थ मात्र लहान मुलासही ठाऊक आहे. 'नॉमिनी' म्हणजे वारस, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बँकेतील ठेवीच्या बाबतीत नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो. वारसाहक्क त्याने ठरत नाही. या एका गैरसमजातून भावाभावांत किती दावे उभे राहिले असतील!

करारनाम्यांतील काही लहान शब्द मोठ्या शब्दांहून घातक असतात. 'शॅल' आला की बंधन, 'मे' आला की बहुधा मुभा; आणि मुभा कोणाला व बंधन कोणाला, हे पाहिले की करार कोणाच्या बाजूचा आहे ते कळते. 'सब्जेक्ट टू' याचा अर्थ 'अमुक अटीच्या अधीन राहून'. हा शब्द दिसताच ती अट कोठे लिहिली आहे ते शोधावे. 'नॉन-रिफंडेबल' म्हणजे भरलेली रक्कम परत मिळणार नाही.

जिवाशी संबंध असलेले शब्द तर आधी शिकविले पाहिजेत. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते: लाल व पिवळ्या खुणेबरोबर 'पॉयझन' म्हणजे विष, निळ्याबरोबर 'डेंजर' म्हणजे धोका, हिरव्याबरोबर 'कॉशन' म्हणजे सावधगिरी. हिरवा रंग पाहून औषध निर्धोक समजणे चूक आहे. ते केवळ कमी विषारी असते. त्या डब्यासोबत प्रादेशिक भाषेतही माहितीपत्रक द्यावे असा नियम आहे. ते मागून घ्यावे. औषधाच्या बाटलीवरील 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' याचा अर्थ 'केवळ बाहेरून लावण्यासाठी'. 'एक्सपायरी' ही तारीख उलटली की औषध टाकून द्यावे. मोबाइलवर 'पे' म्हणजे देणे, 'रिसीव्ह' म्हणजे घेणे. पैसे घेण्यासाठी आपला गुप्त पिन कधीही घालावा लागत नाही. एवढे एक वाक्य पाठ असते, तर कित्येकांची आयुष्याची कमाई वाचली असती.

बोलण्याच्या इंग्रजीविषयी दोन शब्द. पावसाळ्यात माळशेजला परप्रांतांतून प्रवासी येतात, आणि त्यांच्याशी बोलताना आमचा मनुष्य एक तर गप्प राहतो किंवा नकळत उद्धट ठरतो. याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठीत आदर क्रियापदात असतो: 'ये', 'या', 'यावे' एवढ्याने काम भागते. इंग्रजीत तू, तुम्ही व आपण यांस एकच 'यू' आहे. तेथे आदर 'प्लीज', 'मे आय', 'कुड यू' अशा वाक्प्रयोगांत राहतो. 'पैसे द्या' हे मराठीत सभ्य वाक्य आहे. त्याचे शब्दशः 'गिव्ह मनी' केले की ते दरडावणे होते. म्हणून बोलणे शब्दशः भाषांतर करून शिकविण्यापेक्षा पाचपन्नास तयार वाक्ये प्रसंगासह घोकून घेणे बरे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आमच्या वडिलांच्या पिढ्यांस इंग्रजीच्या वाक्यरचनेची ओळख करून दिली, हे तिचे ऋण आहेच. परंतु पाठमालेने पाया घातला, तरी जिभेस वळण बोलण्यानेच लागते. उच्चार चुकेल, व्याकरण चुकेल, चुकू द्यावे. चुकलेल्या मराठीस न हसणारे आमचे लोक चुकलेल्या इंग्रजीस मात्र खदखदून हसतात, ही गुलामगिरीची शेवटची खूण आता पुसली पाहिजे.

हे काम कोणी करावे? आमच्या मते त्यास मोठ्या योजनेची गरज नाही. गावची शाळा संध्याकाळी मोकळी असते. आठवड्यातून दोन दिवस एक तास, एक फळा, आणि ज्याने त्याने आपल्या घरून आणलेला एक इंग्रजी कागद, एवढे साहित्य पुरे. त्या कागदावरील पाच शब्द फळ्यावर लिहावेत, त्यांचा अर्थ मराठीत सांगावा आणि पुढच्या खेपेस ते कोणीतरी दुसऱ्या कागदावर शोधून दाखवावेत. बचत गटांतील स्त्रियांनी या वर्गांत सर्वांआधी बसले पाहिजे. कर्जाच्या कागदांवर आता त्यांच्या सह्या पुरुषांइतक्याच पडतात, आणि अर्थ समजावून देण्याची तसदी मात्र त्यांच्या बाबतीत सर्वांत कमी घेतली जाते. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी बांधवांस ग्रंथातील मराठीही काहीशी परकीच असते. त्यांच्या वस्तीवरचा वर्ग त्यांच्या बोलीतच चालला पाहिजे, आणि तो चालविणारा त्यांच्यातीलच एखादा शिकलेला तरुण असावा. व्यापाऱ्यांनी यास हातभार लावणे हे केवळ पुण्यकर्म नव्हे. ज्या गिऱ्हाइकास बिल वाचता येते, ते भांडण कमी करते व दुकान सोडून जात नाही.

याबरोबर दुसरी बाजू विसरून चालणार नाही. लोकांनी इंग्रजी शिकावी, याचा अर्थ कागद इंग्रजीत असण्याचा अन्याय मान्य करावा असा नव्हे. १९६४ च्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा झाली. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषाही १९९८ पासून मराठी आहे. बँकांनी ग्राहकांस द्यावयाची छापील माहिती इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत उपलब्ध ठेवावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. उच्च न्यायालयात मात्र संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीच चालते. जेथे मराठीचा हक्क आहे तेथे तो ठामपणे मागावा. 'मला हा कागद मराठीत द्या. नसेल तर वाचून व समजावून सांगा, आणि तसे सांगितल्याची नोंद कागदावर करा,' एवढे म्हणावयास धैर्य फार लागत नाही. परंतु ते धैर्य ज्यास चार शब्द कळतात त्यालाच येते. जो पूर्ण अंधारात असतो, तो प्रश्न विचारण्यासही भितो. म्हणून ही दोन कामे परस्परविरोधी नसून एकमेकांस पूरक आहेत, असे आम्ही समजतो.

शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करविला, तो फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द यावेत म्हणून. परंतु ते काम करावयास फारसी शब्द नीट जाणणारेच लोक लागले. परभाषेच्या जुलमातून सुटण्याची वाटही ती भाषा समजण्यावरून जाते.

नागनिकेने आपल्या दानांचा हिशेब येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास दिसेल अशा जागी कोरविला. त्याच वाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाने आपल्या कर्जाचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते. येत्या हंगामात वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, शहापूर येथील शिक्षक, वकील व व्यापारी यांनी प्रत्येकी एक तरी वर्ग चालू करावा, आणि त्याचा पहिला धडा 'साक्षीदार' व 'जामीनदार' या दोन शब्दांचा असावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.